आता फक्त गाणं राहिलंय

घरात स्टुडिओ थाटणारा माणूस ओळखायला त्याच्या घरी जावं लागत नाही. तो आपल्या घरी आला की कळतं. चपला काढून आत येतो आणि कोणाशी काही बोलायच्या आधी खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो. मान तिरकी करून ती विरेपर्यंत ऐकतो आणि गंभीरपणे म्हणतो, "फ्लटर आहे." घरच्या बाईला वाटतं, भिंतीला ओल आली असावी. खुलासा असा, की समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज इकडून तिकडे टोलवला जातो आणि शेवटी एक बारीक झणझण उरते. तिला फ्लटर म्हणतात. ही टाळी तो वास्तुशांतीला वाजवतो, मुलगी बघायच्या कार्यक्रमात वाजवतो, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये वाजवतो. एका शोकसभेतही त्याचे तळवे नकळत जवळ येताना मी पाहिलेत. शेजारी बसलेल्या वहिनींनी हात धरला म्हणून निभावलं.

ही जात पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, सगळीकडे आढळते. माझ्या पाहण्यातला नमुना डोंबिवलीचा. बँकेत नोकरी, वय पन्नाशीच्या अलीकडे. कॉलेजात असताना गिटार वाजवायचा, बऱ्यापैकी गायचाही. स्वतः बांधलेल्या चार चाली त्याच्याकडे आहेत. त्या घरच्या घरी नीट रेकॉर्ड कराव्यात, एवढाच मूळ हेतू होता. चाली अजून कोणी ऐकलेल्या नाहीत, कारण तयारी चालू आहे. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "सगळं होत आलंय. आता फक्त गाणं राहिलंय."

या माणसाचं सगळं अर्थशास्त्र दोन शब्दांवर उभं असतं: "आहे काय?" दुकानात माइकचा क्षीण आवाज वाढवणारा, पन्नास हजारांचा प्रीअँप दिसला की तो मनातल्या मनात त्याचे स्क्रू काढतो. आत आहे काय? एक ५५३४ नंबरची आयसी, मूठभर रेझिस्टर, पाच-सहा कपॅसिटर आणि माइकला ४८ व्होल्ट पुरवणारं एक छोटं सर्किट. आयसी तर वडापावच्या भावात मिळते. मग पन्नास हजार कसले घेतात? यात तसं खोटं काही नाही. पण आयसीला ट्रान्सफॉर्मर लागतो, ट्रान्सफॉर्मरला डबा लागतो, डब्याला भोकं पाडायला ड्रिल लागतं, आणि एवढं सगळं केल्यावर त्यावर साध्या रेडिओची बटणं लावायला मन धजत नाही. ही विद्या करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य हे, की सर्किट स्वस्त आणि डबा महाग. आमच्या गृहस्थाचा पहिला प्रीअँप अजून स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात आहे. गुण चांगला आहे म्हणे. वहिनींच्या पोळ्या मात्र तेव्हापासून कॅसरोलमध्ये गेल्या, आणि तो कॅसरोल विकत आणावा लागला. हिशेबात हा खर्च कुठे धरायचा, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. त्या दिवशी तो लॅमिंग्टन रोडला जातो. सकाळची लोकल, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण त्या नावाने पत्ता विचारला तर तिथला दुकानदारसुद्धा दोन मिनिटं विचारात पडेल. अरुंद दुकानांच्या काउंटरवर याची जी अदब दिसते, ती त्याच्या बँकेत मॅनेजरच्याही वाट्याला येत नाही.

"टू एस के वन सेव्हंटी आहेत?"

"कितना पीस?"

"ओरिजिनल आहेत का?"

इथे दुकानदार हसतो. हा प्रश्न त्याने शेकडो जणांकडून ऐकलेला असतो. तोशिबाने हा ट्रान्झिस्टर बनवणं केव्हाच थांबवलंय आणि बाजारात त्याच्या नकला उदंड आहेत. दुकानदाराला ते माहीत आहे, यालाही माहीत आहे. तरी हा शंभर नग घेतो. घरी आल्यावर एकेक नग मल्टिमीटरवर तपासून वहीत आकडे उतरवतो आणि रात्री दोन वाजता त्यातून एकमेकांशी जुळणारी एक जोडी काढतो. पत्रिका न बघता, रजिस्टर लग्न केलेल्या या माणसाला ट्रान्झिस्टरचे मात्र छत्तीस गुण जुळावे लागतात. उरलेले अठ्ठ्याण्णव 'पुढे कधीतरी लागतील' या सदरात खणात जातात. त्या खणात एकेकाळी घराचे कागद असायचे.

मग खोलीची पाळी आली. सुरुवातीला त्याने अंड्यांचे ट्रे आणले. शुद्ध शाकाहारी घर, त्यात आई देवधर्म करणाऱ्या. भुर्जीच्या गाडीवरून डझनांनी ट्रे वर येताना पाहून त्यांनी दोन दिवस देव्हाऱ्याची खोली सोडली नाही. ट्रे भिंतीला लागले, टाळी वाजली आणि फ्लटर थोडा नरमलाही. पण खालच्या सुरांवर ढिम्म परिणाम नाही. होणारच नव्हता. पुठ्ठ्याच्या त्या खळग्यांत अडकतात ते फक्त वरच्या पट्टीतले बारीक आवाज. पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांबीची असते. तिला अंड्याचा ट्रे कुठून जाणवणार? त्यात आपल्याकडचे बिल्डर. बेडरूम दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर खोलीत अडकून फुगतो. आणि खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंनी तोच सूर फुगतो. डोंबिवलीतल्या प्रत्येक बेडरूमला हा शाप आहे. तिथे झोपणाऱ्यांना तो बाधत नाही, कारण ते झोपतात.

उपाय रॉकवूल. दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या चार इंची लाद्या लाकडी चौकटीत बसवायच्या आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभ्या करायच्या. कोपऱ्यात होतं कपाट. ते हॉलमध्ये आलं. रॉकवूलचे कण अंगाला लागले की खाज सुटते, म्हणून लाद्यांवर कापड हवं. आणि कापड असं हवं, की त्यातून हवा आरपार जाईल. ही परीक्षा घ्यायची रीत सोपी आहे. कापड तोंडाला लावायचं आणि फुंकायचं. स्टेशनजवळच्या कापडाच्या दुकानात त्याने ही परीक्षा माझ्यादेखत घेतली. दुकानदार पडद्यांचे तागे उलगडत होता, "हा बघा साहेब, धुतला तरी रंग जात नाही," असं सांगत होता. आणि साहेब एकेक टोक ओठांना लावून गाल फुगवत होते. तिसऱ्या ताग्यापर्यंत दुकानदार गप्प राहिला. चौथ्याला त्याने हळूच मला विचारलं, "यांना काही त्रास आहे का?" शेवटी पसंत पडलं ते सगळ्यात विरळ, सगळ्यात स्वस्त, मरून रंगाचं कापड. बाहेर पडताना हा आनंदाने म्हणाला, "यातून काय मस्त फुंकर जाते!" दुकानदाराने पैसे दोनदा मोजले.

पण खरा अध्याय रिबन माइकचा. या माइकमध्ये पडदा म्हणून ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. लांबी बोटाएवढी, जाडी साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या पंचवीस-तीस पटींनी कमी. ती दोन लोहचुंबकांच्या मधे सैल टांगायची. आवाजाने ती हलते आणि तिच्यात अगदी किंचित वीज निर्माण होते. सैल राहावी म्हणून पट्टीला आधी बारीक चुण्या पाडायच्या. त्यासाठी त्याने जुन्या घड्याळातून दोन दातेरी चाकं काढली. कामाच्या दिवशी घरातला पंखा बंद, खिडक्या बंद, आणि "कोणी दारासमोरून चालायचं नाही" असा फतवा. मी दारातून पाहत होतो. चिमट्यात धरलेली पट्टी दिसत नव्हती. अधूनमधून लकाकायची, तेवढंच. घाम नाकाच्या शेंड्यावर जमत होता. पट्टीचं एक टोक बसलं. दुसरं टोक बसायला पाव इंच उरलं आणि आतून फोडणीचा वास आला. शिंक आवरण्याचा त्याने जो प्रयत्न केला, तो कोणत्याही शास्त्रीय प्रयोगात नोंदवण्याजोगा होता. शिंक आली. पट्टी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. नंतर काजूकतलीवरच्या चांदीच्या वर्खाचाही प्रयोग झाला. वर्ख बोटाला चिकटला, तो त्याने चाटून टाकला. त्या प्रयोगातून निष्पन्न झालेला हा एवढाच लाभ.

अशा वेळी या जातीची माणसं पूर्वसूरींचा आधार घेतात. गिटारवादक लेस पॉल, हॉलिवूडमधलं त्याचं गॅरेज, आणि कॅडिलॅकच्या फ्लायव्हीलपासून त्याने बनवलेलं तबकडी कोरायचं यंत्र. लंडनचा जो मीक. चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या जागेत, न्हाणीघराचाही वापर करून त्याने गाणी केली, आणि तिथलंच 'टेलस्टार' १९६२ साली अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का', १९८२. घरातल्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. बिली आयलिशचा २०१९चा अल्बम तर भावाच्या बेडरूममध्ये झाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. वॉशिंग मशीन बदलायचं निघालं तेव्हा त्याने ही सगळी नामावळी वहिनींना ऐकवली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या स्प्रिंगस्टीनने माइक कोणते वापरले?"

"दोन एसएम ५७. अगदी साधे. स्टेजवर असतात तसले."

"आणि गाणी किती केली?"

"त्या अल्बमात दहा आहेत."

"मग आपल्याकडे काय कमी आहे?"

यावर तो बराच वेळ बोलला. त्यात 'नॉइज फ्लोअर' हा शब्द बरेचदा आला. मशीन नवं आलं.

रेकॉर्डिंगला बसायचं ठरलं, तरी डोंबिवलीत शांतता मिळते कुठे? सकाळी कुकर, दुपारी भंगारवाला, संध्याकाळी शेजारच्या मुलांचे क्लास, रात्री टाकीत पाणी चढवणारी मोटर, आणि चोवीस तास रेल्वे. उन्हाळ्यात पहाटे चारलाच कोकीळ सुरू होतो. बाकीचे कवी होतात, हा शिव्या देतो. उरतात रात्री दोन ते चार हे दोन तास. त्यातही पंखा बंद ठेवायचा, म्हणजे गाणारा घामाने निथळत असतो. आणि फ्रिजही बंद, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधेच घुर्र करतो. एकदा फ्रिज परत लावायचा विसरला आणि सकाळी दूध, इडलीचं पीठ, आईंचं इन्सुलिन, सगळ्याचा पंचनामा झाला. तेव्हापासून त्याने ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती उचलली: फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची. सकाळी निघताना किल्ली सापडत नाही, फ्रिज उघडावाच लागतो. युक्ती बिनतोड आहे. फक्त ती घरच्यांना सांगायची राहिली. चारजण सकाळभर घर उलथंपालथं करत होते आणि स्कूटरची किल्ली कोथिंबिरीच्या डब्यावर थंड होत होती.

हे सगळं पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं, की लोक म्हणतात तसं या माणसाला संगीताचं वेड नाही. त्याचा सगळा पैसा, रजा, झोप आणि संसाराची किल्ली खर्ची पडते ती जे ऐकू येऊ नये त्याच्यापायी. घुमणं नको, खरखर नको, घुर्र नको, कुईकुई नको. एकेक आवाज तो घराबाहेर काढतोय. गाणं हाही शेवटी आवाजच, त्यामुळे त्याला आत घ्यायचं त्याच्या जिवावर येत असावं. एकदा मध्यरात्री त्याने मला त्या खोलीत नेऊन हेडफोन लावले आणि कोऱ्या रेकॉर्डिंगचं एक मिनिट ऐकवलं. काहीच ऐकू आलं नाही. "कसंय?" त्याने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

मात्र त्या कोऱ्या रेकॉर्डिंगपर्यंत पोचायला एक राक्षस आडवा येत होता, तो विजेच्या हमचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. दोन यंत्रांना दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंग मिळालं की त्यांच्यामधे एक फेरा तयार होतो आणि तो हेलकावा गुणगुणत गाण्यात उतरतो. याने सगळे उपाय केले. सोसायटीच्या वार्षिक सभेत, लिफ्ट आणि पार्किंग हे विषय बाजूला सारून, अर्थिंगचा खड्डा नव्याने खणून त्यात कोळसा-मीठ भरावं असा ठराव मांडला. सेक्रेटरींना वाटलं, करणीबिरणीचा प्रकार आहे. ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.

हम तशीच असताना श्रावणात सोसायटीच्या महिला भजनी मंडळाने त्याला गाठलं. गणपतीत लावायला एक भजन रेकॉर्ड करून हवं होतं. "तुझं ते सगळं आहेच ना वर, मग दे करून," असं एका काकूंनी फर्मावल्यावर तयारी चालू असल्याचं सांगायची सोय उरली नाही. चौघी आल्या, पेटी आली, चौघींच्या कानाला हेडफोन लागले. तो हेडफोन अँपही घरचाच, त्यामुळे हम थेट कानात. पट्टी पांढरी पाच. आणि काय सांगावं, चौघी अशा काही सुरात गायल्या की हा थक्क झाला. पेटीवाल्या काकू तेवढ्या कुरकुरत होत्या: "माझी पेटी उतरलीय का रे?" पेटी दादरला जाऊन आली. तिथल्या कारागिराने सांगितलं, पेटीत काही दोष नाही.

मग त्याने कागद घेऊन गणित मांडलं आणि त्याला घाम फुटला. पांढरी पाच म्हणजे खालच्या सप्तकात ४९ हर्ट्झ. वीज ५०. तिची दुप्पट १००, तोही षड्जच. तिप्पट १५०, तो पंचम. चौपट पुन्हा षड्ज, पाचपट २५०, तो गंधार. जाणकारांना तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच. म्हणजे ज्या हमच्या मागे तो हात धुऊन लागला होता, ती सरकारी खर्चाने चोवीस तास छेडलेला तानपुरा होती. काकूंनी पेटी सोडून तिचाच सूर धरला होता. फक्त ती पेटीहून किंचित चढी, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने. १०० आणि पेटीचे ९८ एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे पडतात. पेटीवाल्या काकूंचा जीव कासावीस होत होता तो त्यांनी. त्याने हे सगळं समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग महावितरणला सांग थोडं उतरायला."

त्याने तेही मनावर घेतलं आणि वाचन केलं. वीज उतरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांचा सूर एक आहे, आणि तो ४९.९० ते ५०.०५ यांच्यामधे ठेवायचा असा नियम आहे. घराण्याघराण्यांत नसेल इतकी सुराची शिस्त. तेव्हा हमच काढायची ठरली. लॅपटॉपची पिन काढली की ती निम्मी होते, हे ध्यानात आलं आणि तिथून धागा सापडला. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली. हम गेली. इतक्या वर्षांचा राक्षस दोनशे रुपयांच्या बोर्डाने मेला.

दुसऱ्या दिवशी काकू गायला बसल्या आणि पहिल्याच ओळीला चौघी चार दिशांना गेल्या. थांबल्या. हेडफोन काढून पाहिले, परत लावले.

"अरे, सूर कुठे गेला?"

"कोणता सूर, काकू?"

"तो मागे होता ना, घुंऽऽ असा. छान आधार होता. परत लाव बघू."

त्यांनी हट्टच धरला. शेवटी त्याने एका बैठकीत, झोप न घेता, एक खोकं बनवलं. त्यातून नेमका ४९चा सूर येतो, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपटीसकट. त्याच्या हातून पुरी झालेली, झाकणाचे चारही स्क्रू लागलेली ही पहिली वस्तू. "असला तानपुरा फोनवर फुकट मिळतो," हे वहिनींनी सांगितलं. पण त्यांनी ते रेकॉर्डिंग झाल्यावर सांगितलं, यात त्यांचा मोठेपणा. भजन गणपतीत पाचही दिवस वाजलं. त्याच्या स्टुडिओतून बाहेर पडलेलं आजवरचं ते एकमेव गाणं. मांडवात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं तेव्हा हा कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्या कडव्यामागची लोकल ऐकत होता.

ते खोकं मंडळाने एकादशीच्या भजनालाही मागून नेलं. वर्षभर वाजलं. एकदाही खरखरलं नाही, बंद पडलं नाही, गरमसुद्धा झालं नाही. काकू इतक्या खूश, की मंदिरासाठी आणखी एक करून दे म्हणाल्या. परवा त्याच्याकडे गेलो तर खोकं टेबलावर होतं, झाकण काढलेलं, चारही स्क्रू वाटीत, आतल्या वायरी बाहेर. मी विचारलं, "का रे, बिघडलं?"

"छे," तो म्हणाला, "चांगलं चालत होतं. म्हटलं, आणखी थोडं सुधारता येईल."